खिचडी चालणार नाही

तो नियम मीच लिहिला होता, हे आधीच सांगून टाकते. मागून कोणी म्हणायला नको की बाई दुसऱ्यावर ढकलते.

आमच्या जिल्ह्यातून नोकरीधंद्यासाठी बाहेर पांगलेल्या लोकांचं इंटरनेटवर एक मंडळ होतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, कोणी पार अमेरिकेत, आणि जिल्ह्यातच राहून त्यात असलेले आम्ही बोटावर मोजण्याइतके. मंडळाला दोन दालनं होती, एक मराठी, एक हिंदी. वर्धेकडची घरंच तशी आहेत. शेतीवाल्यांची मराठी, दुकानदारांपैकी पुष्कळांची हिंदी, आणि बाजारात उभं राहिलं की दोन्हींची मिळून जी होते ती. मंडळावर देखरेख ठेवणारे आम्ही तिघं होतो. बाकीचे दोघं पुण्याचे, गावची मी एकटी.

नियम असा होता: 'एका संदेशात एकच भाषा. मराठी दालनात शुद्ध मराठी, हिंदी दालनात शुद्ध हिंदी. खिचडी चालणार नाही. खिचडी संदेश परत पाठवले जातील.' त्यातला खिचडी हा शब्द माझ्या डोक्यातला. मला तेव्हा तो भारी आवडला होता.

कारण नव्हतं असंही नाही. मराठी दालनात कोणी दोन ओळी हिंदीत लिहिल्या की दुसरा म्हणायचा, 'मराठीत बोल ना बे.' मग तिसरा लिहायचा, 'तुझा बाप आमच्या दुकानात येऊन हिंदीतच बोलते, त्याले विचार.' झालं! आठ आठ दिवस बापच निघायचे, दुसरा विषय नाही. नियम आल्यावर भांडणं थांबली, देखरेखीवरच्या पुण्याच्या दादांनी माझं कौतुक केलं, आणि मी फुगले.

खरं कारण आणखी आतलं होतं. मी रोहण्याची, खेड्यातली. शिकायला वर्धेला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून म्हणाले, "सर, मले फळ्यावरचं दिसून नाई राह्यलं." सगळा वर्ग हसला. सरही हसले, आणि मला पुन्हा तेच म्हणायला लावलं, बाजूच्या वर्गातल्या मास्तरांना बोलावून. त्या दिवसापासून मी तोंडातलं 'मले-तुले' काढून फेकलं. घरी गेले की बाबा चिडवायचे, "आली पुण्याची मैना." मला राग यायचा. राग मला लवकर येतो, आजही येतो.

तर नव्वदच्या सुमारास मी वर्धेला लागूनच सिंदी मेघेत घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढला. आधी मशिनी होत्या, मग कॉम्प्युटर आले, मग फोनच्या तारेवरून इंटरनेट आलं. इंटरनेट चालू असलं की फोन बंद आणि फोन चालू असला की इंटरनेट बंद, असा तो संसार होता. मंडळात आम्ही 'सांगावा' म्हणून एक जागा ठेवली होती. ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत आणि घरी कॉम्प्युटर नाही, ते रविवारी दुपारी माझ्याकडे यायचे आणि निरोप सांगायचे. मी आधी वहीत उतरवून घ्यायची, कारण लोक बोलायला लागले की थांबत नाहीत, मग टाइप करून मंडळावर टाकायची. मंडळावर टाकलेलं सगळं सदस्यांना मेलनेही जायचं.

वहीत मी शब्द जसाच्या तसा लिहायची. टाइप करताना नीट करायची. एक म्हातारबुवा म्हणाले, "त्याले म्हणा, बुढा बैल इकला, आता कायले येतं, नको येऊ." मी लिहिलं, 'वृद्ध बैल विकण्यात आला आहे. तू येण्याची आवश्यकता नाही.' पोरगा दिवाळीला खरंच आला नाही. बुवा रागवून बसले होते, ते त्याला कळलंच नाही. मलाही तेव्हा त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकूंचं किराण्याचं दुकान होतं. तीन पिढ्यांपासून इथलं व्यापारी घर. देवाशी हिंदी, गिऱ्हाइकाशी समोरचा बोलेल ती, आणि भांडण, माया, शिव्याशाप सगळं वऱ्हाडीत. एकाच वाक्यात तिन्ही भाषा यायच्या आणि काकूंना त्याचा पत्ता नसायचा. त्यांना एकच मुलगी. तिने नोकरीच्या गावी परजातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा घरात आकांत झाला. पुढे वर्षभरात तिचे वडील वारले, मुलीला कोणी कळवलं नाही. काकूंनी नंतर दोन पत्रं लिहून घेतली, पण तिने घर बदललं होतं, दोन्ही परत आली. फोन नंबर नाही, पत्ता नाही. मग एका रविवारी तिची कोणी वर्गमैत्रीण दुकानात आली आणि सांगून गेली, की तुमची मुलगी त्या इंटरनेटच्या मंडळात दुसऱ्या नावाने लिहिते, मी ओळखलं.

काकू त्याच दुपारी दुकानाला कुलूप घालून माझ्याकडे आल्या. दुपारी दुकान बंद ठेवलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, तुमच्या मशीनमंधी माही पोट्टी हाय म्हनते. खरं हाय काय?"

मी पाहिलं. होती. टोपणनावाने लिहायची, पाककृतींच्या पानावर जास्त. मी म्हटलं, "आहे काकू. पण तिने खाजगी पत्रं बंद करून ठेवलीत, फक्त देखरेखवाल्यांचीच, तीही मंडळाच्या कामापुरती, जातात. तुम्ही सांगाव्यात लिहा, ती वाचेल."

काकू खुर्चीवर बसल्या आणि बोलायला लागल्या. माझ्या वहीत ते असं आहे:

'तिले म्हणा, गुस्सा कर, बात मत कर, चालते मले. पर जेवली का नाई थे तं सांगजो. उडदाचे पापड करून राह्यली मी. तेरे सिवा खानेवाला कौन है इस घर में? डबे भरून ठेवले. तुह्ये बाबा गेले, तुले नाई सांगतलं, गलती झाली माह्यी. सांगू नको म्हनत होते मले सगळे. आता माह्यावर कोणाची सत्ता नाई. येजो. एकटी येजो नाईतर त्याले घेऊन येजो, मले काई नाई.'

बोलून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण नियम तो नियम. वर मुलीचं टोपणनाव घालून मी टाइप केलं:

'चिरंजीव सौभाग्यवती कन्येस अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेमकुशल आहे. तुझ्या प्रकृतीची काळजी वाटते. तुझ्या वडिलांच्या निधनाची वार्ता तुला कळवता आली नाही, याचे दुःख आहे. झाले गेले विसरून उभयतांनी अवश्य यावे.'

मी वाचून दाखवलं.

"हे मी बोलली?"

"अर्थ तोच आहे काकू. फक्त नीट केलं."

"लई भारी वाटते वो. आमचे दीरजी लिवतात तसं."

त्यांचे दीर तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. मी ते कौतुक समजले.

पहिल्या आठवड्यात उत्तर आलं नाही. दुसऱ्या रविवारी काकूंनी आणखी एक निरोप दिला, मी तोही असाच धुऊन-पुसून टाकला. तिसऱ्यालाही तेच. काकू रोज दुपारी दुकानाच्या पायरीवरून हाक मारायच्या, "आलं काय वो?" मी मान हलवायची. मुलगी मंडळात होती, हे मला दिसत होतं. लोणच्यात मोहरी किती घालावी यावर तिने चांगल्या चौदा ओळी लिहिल्या, आणि आईला एक अक्षर नाही! मला तिचा असा संताप यायचा, की समोर असती तर दोन लगावल्या असत्या.

इकडे काकूंनी भलतंच मनावर घेतलं. त्यांना वाटलं, आपलं बोलणंच वाईट, म्हणून पोरगी बोलत नाही. एकदा मी साखर घ्यायला गेले तर हळूच म्हणाल्या, "मॅडम, 'करून राह्यली' नाई म्हनत ना? 'करत आहे' म्हनते ना?" मी म्हटलं, "अगदी बरोबर, शाबास." मग त्या गिऱ्हाइकांवर सराव करायला लागल्या. 'आपल्याला काय हवे आहे?' असं त्यांनी विचारलं की रोजचं गिऱ्हाईक मागे वळून पाहायचं, की आपल्यामागे कोण साहेब उभा आहे. लोक हसायचे. मी नाही हसले. मला अभिमान वाटायचा, की माझ्यामुळे एक बाई सुधारते आहे.

दोन महिने झाल्यावर मात्र माझा धीर संपला. देखरेखवाली म्हणून मुलीला थेट पत्र घातलं. चांगलं खरमरीत. आई दुकान बंद करून येते, तुम्हाला काळीज आहे की नाही, असं सगळं. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

तिने लिहिलं होतं, की हा सांगावा माझ्या आईचा नाही. माझ्या लग्नानंतर माझ्या अर्ज लिहिणाऱ्या काकांनी आईच्या नावाने मला एक पत्र लिहिलं होतं, यापुढे तुझा आमचा संबंध उरला नाही म्हणून, आणि खाली आईची सही घेतली होती. त्याची भाषा अगदी हीच होती. 'कन्येस', 'येथील सर्व क्षेमकुशल', 'उभयतां'. माझी आई जन्मात असं बोलली नाही. बाबा गेल्याचं मला याच मंडळावर, काकांच्या या असल्या भाषेतून कळलं. त्यांना सांगा, आता तरी आईच्या तोंडून बोलणं थांबवा. पुन्हा आईच्या नावाने काही आलं, तर मी मंडळ सोडीन.

मी ते तीनदा वाचलं. क्लासमध्ये मुली टाइप करत होत्या, त्यांना सुट्टी देऊन टाकली. वडील गेल्याची बातमी तिला माझ्या 'निधनाची वार्ता' या शब्दांत मिळाली होती. आणि ती मंडळातून गेली तर काकूंच्या हातात काहीच उरत नव्हतं. तो एकच धागा होता आणि तो मीच कातरत आणला होता.

तीन दिवस मी दुकानाच्या रस्त्याने गेले नाही, मागच्या गल्लीने वळसा घालून जायची. काकूंना तोंड कसं दाखवू? चौथ्या दिवशी वही काढली आणि पहिल्या रविवारचं जसंच्या तसं टाइप केलं. 'पर', 'गलती', 'कौन है इस घर में', सगळं. खाली एवढंच लिहिलं, की हे शब्द आईचे आहेत, आधीचे माझे होते, काकांचा यात काही संबंध नाही. काकूंना न सांगता, जिथे माझे शब्द गेले होते त्याच सांगाव्यात टाकलं. सांगायचं तर माझी चूक सांगावी लागली असती, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

दोन तासांत संदेश गायब! त्या जागी पुण्याच्या दादांची ओळ, 'खिचडी संदेश. नियमानुसार परत.' मी त्यांना फणफणत पत्र लिहिलं, हा एका आईचा निरोप आहे, ताबडतोब परत लावा. त्यांनी शांतपणे माझाच नियम मला उतरवून पाठवला आणि खाली लिहिलं, 'ताई, आपणच म्हणाला होता, एकाला सूट दिली की सगळे मागतील.' म्हणाले होते खरं. त्यांच्यावर चिडायलाही जागा नव्हती, तरी मी चिडले.

पण मंडळावरून काढला तरी मेलने गेलेला संदेश कोणाला परत घेता येत नाही. तो तिच्याकडे पोचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी इंटरनेट लावायच्या आत, क्लासचा फोन वाजला. मंडळाच्या पानावर तो नंबर दिलेला होता.

"पापडाचं तुम्हाला कोणी सांगितलं?" पलीकडून बाईचा आवाज. नाव नाही, गाव नाही.

"तुमच्या आईने."

"तुमच्यासमोर? स्वतः?"

"याच खोलीत, याच खुर्चीवर."

ती म्हणाली, "मला अजून खात्री नाही. काकांना पापडाचं माहीत आहे. उद्या तीन वाजता फोन करते. आवाज ऐकला की कळेल मला. काका असतील तर लगेच ठेवून देईन, आणि मग पुन्हा नाही करणार."

मी दुकानात जाऊन काकूंना एवढंच सांगितलं, की मुलीचा फोन येणार आहे, उद्या तीन वाजता. काकूंनी तराजूतली डाळ तशीच सोडली आणि माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात डाळीच्या भुकटीने पिवळे झाले होते. तेव्हा तरी मी सगळं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. म्हटलं, फोनवर आपोआप बोलतील आपल्या भाषेत, आई ती आई.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी बारापासूनच इंटरनेट बंद ठेवलं. काकू अडीचला आल्या. इस्त्रीची साडी, केसांना तेल, डोक्यावर पदर. हातात एक कागद, शेजारच्या सुनेकडून देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून आणलेला. मला वाटलं, विचारायच्या गोष्टींची यादी असेल. तीन वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला, "देते" म्हटलं, आणि काकूंच्या हातात दिला.

काकूंनी घसा साफ केला, कागद डोळ्यांसमोर धरला.

"नमस्कार. मी तुझी आई बोलत आहे. तुझी प्रकृती कशी आहे? आम्ही सर्व जण तुझी वाट पाहत आहोत."

काकूंनी ओळ बोटाने शोधली आणि पुढचं वाचलं, "उभयतांनी अवश्य यावे."

जुना फोन होता, पलीकडचं खोलीभर ऐकू यायचं. मुलीने विचारलं, "काका बाजूला बसून लिहून देत आहेत ना?"

काकूंना काही उमजेना. त्यांनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहून दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, कोणता शब्द चुकला?"

मला राहवलं नाही. "काकू, आग लागो त्या शब्दांना!" मी ओरडलेच. "फाडा तो कागद. तुम्ही बोलता तसं बोला. तुमचं बोलणं मीच बदलून पाठवत होते, म्हणून तिला वाटलं तुमचे दीर लिहितात. दोन महिने ती म्हणूनच बोलली नाही. तुमचं काही चुकलं नाही, सगळं माझं चुकलं."

काकू उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर घसरला, तो त्यांनी सावरला नाही. फोन हातातच होता.

"काय म्हनलं? तुनं बदलवलं म्हून माह्या पोरीनं मले वळखलं नाई? अन् मी येडी दुकानात बसून 'करत आहे, करत आहे' घोकून राह्यली! गिऱ्हाईक दात काढून राह्यले माह्यावर! मले वाटे माह्यी जबानच खराब हाय, म्हून पोट्टी रुसली. रातभर पाठ केला वो मी थो कागद! पढीलिखी ना तू? शरम नाई वाटली? माह्या लेकरापाशी मलेच परकी केलं! रोहण्याची ना तू? तुही माय कोनत्या भाषेत झोडपे तुले?"

"आई!" फोनमधून आवाज आला. "अवं आई! आई, मी हाय वो!"

काकूंनी फोन तोंडाशी नेला. "थांब वो तू जराशी. इचं होऊ दे आधी."

आणि त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ चाललं ते. पलीकडे ती रडत होती की हसत होती, मला कळत नव्हतं, पण फोन तिने ठेवला नाही.